बाकी कोणाच्या नावावर?



गेल्या आठवड्यात नात गणिताची वही घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. माझे हात कणकेत. चौथीतली पोर, शाब्दिक उदाहरणं म्हटलं की तिच्या कपाळावर आठ्या. उदाहरण साधंच होतं. सहलीला १०७ जण जाणार आहेत, एका बसमध्ये ५२ जण बसतात, तर किती बस लागतील? तिनं भागाकार अगदी व्यवस्थित केला होता. ५२ दुणे १०४, १०७ वजा १०४, उरले ३. खाली पट्टीनं रेघ मारून उत्तर लिहिलं होतं: २ बस, बाकी ३.

मी म्हटलं, "अगं, मग त्या तिघांचं काय?"

"ते बाकी आहेत ना, आजी." तिला माझा प्रश्नच कळेना.

मी हसले. कणीक झाकून ठेवली, हात धुतले, तिला समजावलं. तिनं खोडून ३ बस लिहिलं आणि खेळायला पळाली. पण रात्री पडल्या पडल्या तिचं वाक्य परत परत आठवत राहिलं. ते बाकी आहेत! म्हणजे त्या तिघांचं काय करायचं ते कोणी ठरवलंच नाही, आणि तरी उदाहरण सुटलं, वर बरोबरची खूणसुद्धा मिळाली असती. मला वाटतं आपल्या घरातली बरीच उदाहरणं अशीच सुटलेली आहेत. भागाकार नीट, उत्तराखाली रेघ नीट, आणि बाकी गुपचूप घरच्या बाईच्या नावावर.

हे जरा विस्तारानं सांगते. आधी गणिताचंच बोलू, कारण "मला बाई गणित येत नाही" असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या निम्म्याजणी रोज दहा भागाकार करतात आणि त्यांना ते कळतही नाही.

शाळेत भागाकार एकच असतो. घरात एकाच भागाकाराची चार वेगवेगळी उत्तरं असतात. ३५ ला ८ नं भागा, ४ येतात आणि ३ उरतात. आता ३५ लाडू आहेत आणि एका डब्यात ८ बसतात, तर देण्याजोगे भरलेले डबे ४. उरलेले ३ घरात राहतील, पोरं संपवतील. तेच ३५ बायका असतील आणि गाडीत ८ जणी बसत असतील तर गाड्या ५ लागतात, पाचवीत तिघीच असल्या तरी. तेच ३५ लिटर दूध आठ घरांत वाटायचं असेल तर बाकी ठेवायचं कारणच नाही, प्रत्येकीला ४ लिटर आणि वर पावशेर-दीड पावशेर करत सारखं वाटता येतं. फोनमधल्या कॅल्क्युलेटरला हा फरक कळत नाही. १०७ ला ५२ नं भागलं तर तो २.०५७६ असं काहीतरी दाखवतो. म्हणजे त्या तीन माणसांची झाली ०.०५७६ बस! बाईनं डोकं वापरायचं ते इथे. भागाकार यंत्र करेल, बाकीचं काय करायचं ते यंत्र सांगत नाही.

चौथं उत्तर मला सगळ्यात आवडतं. काही उदाहरणांत बाकी हेच उत्तर असतं. आपल्यातल्या ज्या रोहिणी व्रत करतात त्यांना हे ठाऊक असेल, फक्त गणित म्हणून ठाऊक नसेल. रोहिणी नक्षत्र साधारण २७ दिवसांनी येतं. २७ ला ७ नं भागा, ३ आठवडे होतात आणि ६ दिवस उरतात. ६ उरले म्हणजे पूर्ण आठवड्याला एक कमी. म्हणून या वेळी रोहिणी गुरुवारी आली तर पुढची बहुधा बुधवारी. चंद्राची फेरी नेमकी २७ दिवसांची नाही, त्याहून थोडी, सुमारे पाव-तृतीयांश दिवस जास्त आहे. त्यामुळे मधूनच २८ दिवस येतात आणि वार सरकत नाही, तिथं पंचांग बघावंच लागतं. पण माझ्या सासूबाई कॅलेंडर न उघडता वार सांगायच्या. शाळा दुसरीपर्यंत. त्यांनी भागाकार कधी कागदावर केला नसेल, बाकी मात्र अचूक धरायच्या.

आता पिठाचं. चातुर्मास आला की आपल्याकडे हा हिशोब रोजचाच. आमच्या घरी पिठाची मर्यादा पाळतात ती अशी: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. आम्ही घरात सहाजण. माणशी सरासरी ४ पोळ्या धरल्या तर दिवसाला २४, एका पोळीला ३० ग्रॅम कणीक, म्हणजे दिवसाला ७२० ग्रॅम. तीन दिवसांचे २ किलो १६० ग्रॅम. आणि सवयीनं आपण काय करतो? ५ किलोचा डबा भरून दळतो, घरघंटी लावलीच आहे तर एकदम होऊन जाऊ दे म्हणून. ५००० वजा २१६०, उरले २८४०. जवळजवळ पावणेतीन किलो पीठ मर्यादेबाहेर. मग ते पीठ कुणाला तरी द्यायचं, नाहीतर मनाला समजावत चौथ्या दिवशी आपणच वापरायचं. पिठात जीव पडू नयेत म्हणून मर्यादा, आणि मर्यादेपायी अन्न टाकायचं, हे मला कधीच पटलं नाही. दोन्हींतून सुटायचा मार्ग एकच, दळण्याआधीची वजाबाकी. मी आता पावसाळ्यात दोन किलोच गहू टाकते. कमी पडलं तर एका वेळी भात किंवा भाकरी. हे सांगायला फार सोपं आहे, पण ही सवय लागायला मला कितीतरी चातुर्मास लागले.

गणिताचा आणि आपल्या धर्माचा संबंध काही मी ओढूनताणून जोडत नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य होऊन गेले. त्यांचा गणितसारसंग्रह हा संस्कृत ग्रंथ आहे आणि त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली आपल्या सोलापुरातूनच, जीवराज जैन ग्रंथमालेत निघाली. ग्रंथाच्या सुरुवातीलाच आचार्य सांगतात की गणित कुठे कुठे लागतं. त्यात संगीत आहे, नाट्य आहे, वैद्यक आहे, वास्तुविद्या आहे, आणि त्याच ओळीत स्वयंपाकाचं शास्त्रही आहे. ते वाचलं तेव्हा मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी स्वयंपाकाला गणिताच्या यादीत बसवलं, आणि आपण आजही "बायकांना काय हिशोब कळतो" ऐकून घेतो! (आचार्य सगळीकडे बरोबरच होते असंही नाही. शून्यानं भागलं तर संख्या तशीच राहते असं त्यांनी लिहिलंय, ते आजच्या गणिताला मान्य नाही. मोठी माणसंही चुकतात, हे मुलांना सांगायला मला हे उदाहरण बरं पडतं.)

त्यांच्या ग्रंथात 'शेष' नावाचा उदाहरणांचा प्रकारच वेगळा आहे. त्यातलं आंब्यांचं उदाहरण मी पाठशाळेत मुलांना घालते. काही आंबे होते. राजानं एक षष्ठांश घेतले. उरलेल्यांतले एक पंचमांश राणीनं. मग तीन राजपुत्रांनी क्रमानं, उरलेल्यांतले एक चतुर्थांश, त्यातून उरलेल्यांतले एक तृतीयांश, आणि त्यातून उरलेल्यांतले निम्मे. शेवटी उरलेले ३ आंबे सगळ्यात धाकट्यानं घेतले. तर एकूण आंबे किती? उत्तर १८. गंमत पुढेच आहे. राजाचे १८ चे ३, राणीचे १५ चे ३, मग १२ चे ३, ९ चे ३, ६ चे ३, आणि धाकट्याला उरले तेही ३. ऐकताना वाटतं मोठ्यांनी हात मारून घेतला आणि लहानग्याला उरलंसुरलं मिळालं. प्रत्यक्षात सगळ्यांना सारखे! वाटणीला सुरुवात करतानाच शेवटच्या माणसाचा विचार केलेला असला, तर शेवटी उरतं ते उरलंसुरलं नसतं.

गेल्या वर्षी पाठशाळेतल्या एका मुलीनं हे सोडवून झाल्यावर विचारलं, "काकू, आंबे कापून दिले कोणी? तिला किती?" मला उत्तर सुचलं नाही. बाकीची मुलं हसली. मी नाही हसले, कारण मला एकदम आमचं जुनं घर आठवलं.

आमच्याकडे रात्रिभोजन त्याग. तुमच्यापैकी बहुतेकींकडे असेल. कार्तिक-मार्गशीर्षात आमच्या भागात सहाच्या सुमाराला मावळतं. दुकानातली मंडळी घरी यायची साधारण पाच पंचविसाला. म्हणजे हातात ३५ मिनिटं. जुन्या घरात पंगती बसायच्या, पहिली पुरुषांची, दुसरी मुलांची आणि पाहुण्यांची, तिसरी बायकांची. एका पंगतीला घाई केली तरी १५ मिनिटं. ३५ ला १५ नं भागा. २ पंगती, बाकी ५.

त्या पाच मिनिटांत तिसरी पंगत. पोळी हातात घ्यायची, भाजी त्यावरच, उभ्यानं दोन घास, पाणी, की झालं. आणि पहिल्या पंगतीत कोणी गप्पा मारत बसलं तर तीही पाच मिनिटं गेली. काही घरांत मावळायच्या दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं आधीच जेवण आटोपतात, तिथं तर विचारूच नका. सासूबाई खिडकीतून बाहेर बघायच्या आणि म्हणायच्या, "मावळलं. जाऊ दे, मला भूक नव्हतीच." कोणी काही बोलायचं नाही. धर्म पाळला गेला होता, सगळे जेवले होते. उदाहरण सुटलं होतं.

एका दशलक्षण पर्वात त्यांना मंदिरात पूजेला उभ्या असताना चक्कर आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, जेवता ना व्यवस्थित?" त्या म्हणाल्या, "हो की, घरात कशाची कमी नाही." खोटं नव्हतं ते. घरात खरंच कशाची कमी नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणखीही कारणं सांगितली, सगळा दोष मी जेवणालाच देत नाही. पण घरी आल्यावर मी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर खुणा करायला लागले. पंधरा दिवस. संध्याकाळी त्या ताट घेऊन बसल्या तर एक उभी रेघ. १५ दिवसांत ६ रेघा. १५ वजा ६, उरले ९. नऊ दिवस ती बाई संध्याकाळी जेवलीच नव्हती. आणि तिच्याच हातच्या पोळ्या आम्ही सगळे खात होतो, मीसुद्धा. अर्थात माझ्या रेघा काढल्या असत्या तर काही फार वेगळं दिसलं नसतं.

तेव्हा माझंही सांगते, कबुलीच म्हणा. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. पुरणपोळीचा बेत होता आणि सांगली-मिरजेकडचे पाहुणे न कळवता आले. पोळ्या झाल्या २२. जेवणारी माणसं मोजली ९. २२ ला ९ नं भागलं, प्रत्येकाला २, उरल्या ४. त्या चार आग्रहात गेल्या. आम्ही तिघी, सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी, मोजण्यात नव्हतोच. पाहुण्यांपैकी एक काकू आत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू बस की." मी पटकन म्हणून गेले, "माझं आज एकाशन आहे, सकाळी झालं." कसलं एकाशन? ना तिथी होती, ना मी नियम घेतला होता. पुरणपोळी संपली होती एवढंच. काकू उलट कौतुक करायला लागल्या, "बघा, एवढ्याशा वयात!" त्या कौतुकाची मला अजून लाज वाटते. पोळी कमी पडली हे झाकायला मी व्रताचं नाव घेतलं. व्रत घडलं नाहीच, वर सत्याणुव्रताला धक्का लागला तो वेगळा.

त्या २२ पोळ्यांचं गणित मी नंतर खूपदा केलं. माणसं ९ नव्हती, १२ होती. १२ जणांना दीड-दीड दिली तर १८ होतात. उरल्या ४. म्हणजे आग्रहाला त्याच चार पोळ्या शिल्लक राहिल्या असत्या! पाहुण्यांना अर्धी पोळी कमी मिळाली असती आणि आम्ही तिघी जेवलो असतो. भागाकार चुकला नव्हता. भाजक चुकला होता. आपण किती जण आहोत हे मोजताना मोजणारीनं स्वतःला धरलं नव्हतं.

महावीराचार्यांचं आणखी एक उदाहरण मला म्हणूनच फार जवळचं वाटतं. केळ्यांचे ६३ सारखे ढीग आहेत, शिवाय ७ केळी सुटी. ती सगळी २३ वाटसरूंना सारखी वाटली आणि एकही उरलं नाही. तर एका ढिगात केळी किती? लहानात लहान उत्तर ५. ६३ पंचे ३१५, त्यात सुटी ७ मिळवली की ३२२, २३ जणांना प्रत्येकी १४. करून बघा, बरोबर येतं. यात वाटसरू किती हे पहिल्यांदा ठरलेलं आहे. २३ म्हणजे २३. त्यातला एकही मागे राहायचा नाही, हे धरून मग ढिगात किती असायला हवं ते शोधायचं. ती ७ सुटी केळीसुद्धा कोणी बाजूला सारलेली नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात आपण उलट करतो. पोळ्या ठरलेल्या, आणि माणसं कमी-जास्त. कमी व्हायची माणसं मात्र दर वेळी तीच.

यावर काहीजणी म्हणतील, आणि मंडळात एकीनं म्हटलंच, "आपल्या धर्मात त्यागाला मोल आहे. ऊनोदर हे तप आहे. बाई कमी जेवली तर बिघडलं काय?" म्हणणं मोडीत काढण्यासारखं नाही, म्हणून मी त्यावर पुष्कळ विचार केला.

ऊनोदर, म्हणजे अवमौदर्य, हे बाह्य तपांमधलं एक. पोटाला लागेल त्यापेक्षा कमी खाणं. पण कमी म्हणजे कशापेक्षा कमी? आपल्या शास्त्रांत त्याचा आकडा दिलेला आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास, बाईचा २८. भगवती आराधनेत हा आकडा आहे. त्यातून एक घास कमी, दोन कमी, असं ऊनोदर. म्हणजे शास्त्रकारांनी बाईचा आकडा वेगळा मोजला, लिहून ठेवला. २८ मधून ४ वजा केले तर ते तप. पण ताटच वाढलं नाही तर वजा कशातून करणार? शून्यातून काही वजा होत नाही हो, ते नुसतं उपाशी राहणं असतं. आपला उपवास तसा कडक, साबुदाणा-वरई चालत नाही आपल्यात. म्हणूनच तर आपल्याला कळायला पाहिजे, नियम घेऊन सोडलेलं अन्न वेगळं आणि न उरलेलं अन्न वेगळं. पहिल्यात मी ठरवते. दुसऱ्यात माझ्यासाठी भागाकार ठरवतो.

आणि एक विचारू का? त्याग एवढा मोठा असेल तर पहिल्या पंगतीतल्या कोणी कधी म्हटलंय का, "आज माझं ऊनोदर, ही पोळी आत नेऊन द्या"? आमच्याकडे तरी मी ऐकलं नव्हतं. नवऱ्याला एकदा हे बोलले. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी दुकानातून पाच वाजताच आले. त्यावर त्यांनी चर्चा केली नाही आणि मीही नाही.

पुढे मी काय केलं ते सांगते, कारण नुसती तक्रार लिहून मला समाधान मिळत नाही. पंगती बंद केल्या. ३५ मिनिटांचे तीन भाग करायच्या ऐवजी एकच भाग. सगळी भांडी मध्ये ठेवायची, सगळ्यांनी एकदम बसायचं, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. पोळ्या आधी करून डब्यात. गरम पोळीचा आग्रह सुटला, हे घरातल्या पुरुषांना जड गेलं, खोटं कशाला बोलू. सासूबाईंनाही सुरुवातीला पटलं नाही. वाढायला कोणी उभं नाही म्हणजे घराची शोभा गेली असं त्यांना वाटायचं. पहिल्या दिवशी त्या ताट घेऊन बसल्या, पण नजर सारखी दुसऱ्यांच्या ताटाकडे. पंधरा दिवसांनी मी पुन्हा वहीत रेघा मोजल्या. १४ होत्या. एक दिवस अष्टमी होती, त्यांचा खरा उपवास. ती बाकी त्यांची स्वतःची.

आणि मोजायची पद्धत बदलली. आता पोळ्या किती करायच्या म्हटलं की मी स्वतःपासून मोजायला सुरुवात करते. मी एक, सूनबाई दोन, मग बाकीचे. सूनबाईला पहिल्यांदा हे विचित्र वाटलं. तिच्या माहेरीही मोजणारी शेवटी आणि बहुधा मोजायची राहूनच जाते. शेवटी मोजायचं माणूस विसरलं जातं, पहिलं मोजलेलं विसरलं जात नाही. कामाला येणाऱ्या मावशी त्या वेळी घरात असतील तर त्याही मोजण्यात. आचार्यांच्या आंब्यांवर त्या मुलीनं विचारलेला प्रश्न मी विसरलेले नाही.

मुलांना गणित शिकवताना मी आता शाब्दिक उदाहरण आधी वाचायला लावते, भागाकार नंतर. माणसं किती, हे विचारते. सगळी आली का, हे विचारते. मग भागा. आणि उरलं तर त्याचं काय करायचं ते वाक्यात लिहा, नुसतं 'बाकी ३' चालणार नाही. शाळेतल्या बाईंना हे आवडेल की नाही ठाऊक नाही, कदाचित एखादा गुण कापलाही जाईल.

येत्या रविवारी आमचं महिला मंडळ कुंभोज-बाहुबलीला जाणार आहे. नातीचं उदाहरण डोक्यात होतं म्हणून काल यादी मागवून घेतली. योगायोग बघा, नावं १०४. दोन बस नेमक्या भरतात, बाकी शून्य. खजिनदार खूश. नात माझ्या शेजारी बसून नावांवर बोट फिरवत होती. म्हणाली, "आजी, जेवण करायला येणाऱ्या दोन मावश्या कुठे आहेत यात?"

नव्हत्या. मी त्यांची नावं खाली लिहिली आणि खजिनदारांना फोन लावला, एक छोटी गाडी वाढवायला सांगायला.